अपुऱ्या दिवसांचे मूल आणि उपचारांचा पुरावा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बाळंतपण आणि तान्ह्या मुलांचे संगोपन या विषयांवरील पत्रांचा भरणा नेहमीच अधिक असतो. बहुतेक पत्रांतून ‘काय करावे?’ एवढेच विचारलेले असते आणि त्याचे उत्तर देणे त्या मानाने सोपे असते. परंतु इंदूरहून एका वाचकभगिनींनी विचारलेला प्रश्न निराळ्या जातीचा आहे. त्यांच्या सुनेला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. पोटातल्या मुलाची फुफ्फुसे तयार व्हावीत म्हणून डॉक्टरांनी आईलाच इंजेक्शने दिली. मूल जन्मल्यावर त्याला काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू दिला. आणि पुढे ते आईच्या उघड्या छातीशी तासन् तास बांधून ठेवण्यास सांगितले. नातू आता सुखरूप आहे. त्या लिहितात, “सारे चांगले झाले, तेव्हा तक्रार कसलीच नाही. पण आमच्या वेळी यातले काही नव्हते आणि तरीही काही मुले जगतच होती. मग या उपायांनीच मूल वाचते हे डॉक्टरांना तरी कशावरून कळते?”

‘अनुभवावरून’ असे उत्तर कोणीही चटकन देईल. ते अगदीच खोटे नाही. पण ते पुरेसेही नाही. चरकसंहितेत सत्यासत्याच्या परीक्षेसाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चार प्रमाणे सांगितली आहेत. वैद्यकाचा व्यवहार दीर्घकाळ यांतील पहिल्या दोहोंवर, म्हणजे गुरूच्या शब्दावर आणि स्वतःच्या डोळ्यांवर चालला. भाषांतराच्या मेजावर मला ‘पुरावा’ हा कोर्टकचेरीतला शब्द नेहमी थोडा रूक्ष वाटतो, ‘प्रमाण’ हा अधिक आपला वाटतो. पण डॉक्टरी मजकुरात ‘औषधाचे प्रमाण’ म्हटले की वाचकाला चमचे आणि थेंब आठवतात! तेव्हा पुरावा हाच शब्द पत्करलेला बरा. इंदूरच्या भगिनींनी ज्या तीन उपायांचा उल्लेख केला आहे त्या तिहींच्या पुराव्याची हकीकत तीन तऱ्हेची आहे, आणि ती सांगितल्याने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल असे वाटते.

प्रथम प्राणवायू घेऊ, कारण ही गोष्ट सर्वांत जुनी आणि सर्वांत दुःखद आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा श्वास अडखळत चालतो. ओठ आणि नखे निळसर पडतात. त्याला प्राणवायू दिला की श्वास नियमित होतो आणि अंगावर गुलाबी छटा येते. हे डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. प्रत्यक्षाला आणखी प्रमाण कशाला? १९४० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील सुसज्ज रुग्णालयांनी प्राणवायू आत धरून ठेवणाऱ्या बंदिस्त पेट्या आणल्या आणि लहान मुलांना आठवडेच्या आठवडे भरपूर प्राणवायू देण्याचा प्रघात पडला. याच सुमारास, १९४२ मध्ये, बॉस्टन येथील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एका नव्या विकाराची नोंद केली. वेळेपूर्वी जन्मलेल्या काही मुलांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढुरका पडदा तयार होत होता आणि दृष्टी कायमची जात होती. पुढील बारा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार मुले या विकाराने आंधळी झाली असा अंदाज आहे. चमत्कार असा की, हा विकार गरीब देशांत किंवा जुन्यापुराण्या इस्पितळांत फारसा दिसत नसे. जेथे उत्तम साधने होती, तेथेच तो अधिक दिसे.

कारणे शोधताना प्रकाशापासून जीवनसत्त्वांपर्यंत अनेकांवर संशय घेण्यात आला. मेलबर्न येथील बालरोगतज्ज्ञ केट कँबेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूकडे बोट दाखविले. पण जो वायू मुलाला जगवितो तोच त्याची दृष्टी हिरावतो, हे पटणार कोणाला? वॉशिंग्टनमधील एका रुग्णालयात डॉ. आर्नल पाट्झ यांनी काही मुलांना भरपूर आणि काही मुलांना बेताचा प्राणवायू देऊन फरक पाहण्याचे ठरविले, तेव्हा तेथील काही अनुभवी परिचारिका रात्री गुपचूप येऊन ‘बेताच्या’ गटातील मुलांच्या प्राणवायूची तोटी वाढवून ठेवीत असत. त्यांना दोष देण्याचे मला तरी धाडस होत नाही. मूल गुदमरताना पाहून जिचा हात तोटीकडे जाणार नाही, तिने परिचारिका व्हावेच कशाला? परंतु त्या मायेच्या हातानेच मुलांच्या डोळ्यांना अपाय होत होता, हेही तितकेच खरे.

अखेर १९५३ साली अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी एकत्र येऊन चाचणी केली. तीत ७८६ मुले होती. १९५४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : दीर्घकाळ भरपूर प्राणवायू दिल्यानेच दृष्टी जाते, आणि तो कमी दिल्याने मृत्यू वाढत नाहीत. जगभरच्या रुग्णालयांनी प्राणवायू आखडता घेतला. अंधत्वाची साथ ओसरली.

येथेच गोष्ट संपती तर किती बरे झाले असते! परंतु त्या चाचणीत एक छिद्र होते. तीत मुले घेतली होती ती जन्मानंतर अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर. प्राणवायूच्या अभावी जी मुले दगावतात त्यांतील पुष्कळशी पहिल्या दोन दिवसांतच दगावतात. ती या हिशेबात धरलीच नव्हती. ‘कमी प्राणवायूने मृत्यू वाढत नाहीत’ हे वाक्य त्यामुळे तिसऱ्या दिवसानंतरच्या मुलांपुरतेच खरे होते. ते लागू केले गेले मात्र पहिल्या तासापासून. १९७३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ केनेथ क्रॉस यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासून असा अंदाज मांडला की, एका मुलाची दृष्टी वाचविताना सुमारे सोळा मुलांचे प्राण गेले असावेत. अंदाज तो अंदाजच. पण त्याने अनेकांची झोप उडविली.

मग किती प्राणवायू योग्य? या साध्या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. रक्तातील प्राणवायूची पातळी शेकडा ८५ ते ८९ ठेवावी की ९१ ते ९५, याची परीक्षा निरनिराळ्या देशांत झालेल्या पाच चाचण्यांतून झाली आणि त्यांतील सुमारे पाच हजार मुलांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सर्व मुले अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेली होती. कमी पातळीच्या गटात शंभरातील सुमारे वीस मुले दगावली, अधिक पातळीच्या गटात सतरा. उलट, डोळ्यांवर उपचार करण्याची पाळी कमी पातळीच्या गटात शंभरातील अकरा मुलांवर आली आणि अधिक पातळीच्या गटात पंधरांवर. एका तागडीत प्राण, दुसऱ्या तागडीत दृष्टी! डॉक्टरांनी प्राणांची तागडी मानली, आणि दृष्टीसाठी वेळेवर तपासणीची जोड दिली.

या तपासणीविषयी येथेच सांगून टाकतो. आपल्या देशात जे मूल चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मले असेल किंवा ज्याचे जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी असेल, त्याच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून झालीच पाहिजे; फारच लहान मुलांची त्याहूनही आधी. मूल वरवर चांगले दिसते, डोळे टपोरे दिसतात, म्हणून ही तपासणी टाळू नये. वेळेत सापडल्यास लेसरने किंवा डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनाने दृष्टी बहुधा वाचते. रुग्णालयातून घरी जाण्याच्या गडबडीत हा कागद राहून जातो, तेव्हा सुटीच्या दिवशीच तारीख विचारून घ्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे. प्राणवायूच्या हकीकतीवरून एक गोष्ट ध्यानात येईल की, एखाद्या उपायानंतर मूल सुधारले म्हणजे त्या उपायानेच सुधारले असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. बरे, डॉक्टर प्रामाणिक असला तरी नवे औषध कोणाला द्यायचे हे त्याच्याच मनावर सोडले, तर तो नकळत धडधाकट मुलाची निवड करील, किंवा दया येऊन अगदी आसन्नमरण मुलाची करील. दोन्हींकडून हिशेब बिघडतो. म्हणून चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली. कोणत्या मुलाला कोणता उपचार हे चिठ्ठीने ठरते. ती चिठ्ठी आधी कोणास दिसत नाही. आणि शक्य असेल तेथे औषध कोणते व नुसते पाणी कोणते हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. ऐकायला हे निष्ठुर वाटते. पण जेथे कोणालाच खरे ठाऊक नाही, तेथे चिठ्ठी टाकणे हे अंदाजाने औषध देण्यापेक्षा अधिक न्याय्य आहे, असे माझे मत झाले आहे.

दुसरी हकीकत आईला दिलेल्या इंजेक्शनांची. हिचा उगम न्यूझीलंडमधील मेंढ्यांच्या कळपात आहे. ऑकलंड येथील प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात याचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी मेंढीच्या गर्भाला स्टेरॉइड जातीचे औषध दिले. कोकरू फार लवकर जन्मले. इतके लवकर की, ते जगण्याची आशाच नव्हती. पाहतात तो ते श्वास घेत होते! त्याची फुफ्फुसे अंशतः का होईना, फुगलेली होती. पोटात असताना गर्भाची फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात; जन्मल्यावर ती उघडी राहावीत म्हणून एक स्निग्ध द्रव्य तेथे तयार व्हावे लागते, आणि ते शेवटच्या आठवड्यांतच पुरेसे तयार होते. औषधाने ती तयारी लवकर झाली असावी, असे अनुमान लिगिन्स यांनी काढले. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन त्यांनी चिठ्ठ्या टाकून चाचणी केली आणि १९७२ मध्ये २८२ मातांची हकीकत प्रसिद्ध केली. औषध न मिळालेल्या गटात शंभरातील पंधरा मुले पहिल्याच दिवसांत दगावली होती. औषध मिळालेल्या गटात तीन. औषध स्वस्त, दोन दिवसांत संपणारे. एखाद्याला वाटेल की, पुढच्या वर्षीच ते जगभर सुरू झाले असेल.

ते झाले नाही. पुढील वर्षांत निरनिराळ्या देशांत आणखी चाचण्या झाल्या. पण त्या बहुतेक लहान होत्या. लहान चाचणीचा दोष असा की, तीत औषधाचा गुण खरा असला तरी तो योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. प्रत्येक चाचणी स्वतंत्रपणे वाचणारा डॉक्टर ‘निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणून ती बाजूस ठेवी. कोणी स्टेरॉइडचे दुष्परिणाम पुढे करी, कोणी म्हणे आमच्याकडील माता निराळ्या. साऱ्या चाचण्या एका ओळीत मांडून त्यांची बेरीज करावी हे कोणाच्याच कामाचे नव्हते.

१९७९ मध्ये ब्रिटिश वैद्यक-संशोधक आर्ची कॉक्रेन यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. प्रत्येक शाखेतील चिठ्ठीच्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा काढून तो वेळोवेळी ताजा ठेवण्याची व्यवस्था वैद्यकव्यवसायाने केलेली नाही, ही त्यांची तक्रार होती. इंग्लंडात शर्यतीत शेवटच्या आलेल्यास थट्टेने लाकडी चमचा देण्याची चाल आहे. पुराव्याची पर्वा सर्वांत कमी करणारी शाखा म्हणून कॉक्रेन यांनी तो प्रसूतिशास्त्राला बहाल केला. सुदैवाने त्या शाखेतील इयान चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राग न मानता चाचण्या गोळा करण्यास सुरुवात केली. त्यांनी गर्भारपण व बाळंतपणाविषयीचे शेकडो शोधनिबंध शोधून काढले. अप्रसिद्ध राहिलेल्या चाचण्यांसाठी डॉक्टरांना पत्रे धाडली. अप्रसिद्ध चाचण्या का हव्यात? ज्यांत गुण दिसला त्या छापल्या जातात आणि ज्यांत दिसला नाही त्या खणात पडून राहतात. केवळ छापलेल्यांची बेरीज केली तर प्रत्येक औषध रामबाण ठरायचे.

१९८९ मध्ये स्टेरॉइडच्या चाचण्यांचे असे समालोचन प्रथम प्रसिद्ध झाले. ज्या मातांना हे औषध मिळाले त्यांच्या मुलांच्या मृत्यूचा संभव तीस ते पन्नास टक्क्यांनी घटतो असे त्यातून दिसून आले. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने त्याची शिफारस केली ती १९९४ मध्ये, म्हणजे लिगिन्स-हॉवी यांच्या निबंधानंतर बावीस वर्षांनी. तोपर्यंत हजारो मुले विनाकारण दगावली असावीत. ती कोणाच्या दुष्टाव्याने गेली नाहीत, अज्ञानानेही नाहीत. माहिती होती, पण विखुरलेली होती. कॉक्रेन यांच्या नावाने १९९३ मध्ये जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख आहे. एक उभी रेषा आणि तिच्याभोवती सात आडव्या रेघा. उभ्या रेषेच्या डावीकडे औषधाचा गुण, उजवीकडे अवगुण. बहुतेक आडव्या रेघा उभ्या रेषेला ओलांडून जातात, म्हणजे एकेकीचे साक्षीपण डळमळीत आहे. पण सर्वांची बेरीज दाखविणारा खालचा लहानसा चौकट-हिरा मात्र स्पष्टपणे डावीकडे आहे.

परंतु वाचकहो, बेरीज हाही मंत्र नव्हे. अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांना रक्तातील प्रथिनाचे, म्हणजे अल्ब्युमिनचे, द्रावण शिरेतून देण्याची पद्धत जुनी आहे. १९९८ मध्ये तीस लहान चाचण्यांची बेरीज करून असे सांगण्यात आले की, या द्रावणाने शंभर रुग्णांमागे सहा मृत्यू अधिक होतात. मोठी खळबळ माजली. मग ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील सोळा अतिदक्षता विभागांनी जवळजवळ सात हजार रुग्णांवर एकच मोठी चाचणी केली. २००४ मध्ये निकाल लागला : अल्ब्युमिनच्या गटात ७२६ मृत्यू, साध्या मिठाच्या पाण्याच्या गटात ७२९. म्हणजे ना तोटा, ना नफा. खर्चात तेवढा फरक. मातीच्या दहा विटा एकावर एक रचल्या तरी दगडाची भिंत होत नाही, तसा हा प्रकार. आणि याच वर्षी उलट दिशेचाही धडा मिळाला. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याची चाल कित्येक वर्षे चालू होती. भारतासह अनेक देशांत मिळून दहा हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत असे आढळले की, स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी शेकडा २१ पंधरवड्यात मृत्यू पावले आणि न मिळालेल्यांपैकी शेकडा १८. ज्या जातीच्या औषधाने अपुऱ्या दिवसांची मुले वाचतात, त्याच जातीच्या औषधाने अपघातग्रस्त माणसे अधिक मरत होती. ‘हे औषध चांगले की वाईट?’ हा प्रश्न यापुढे कोणी विचारला, तर ‘कोणाला आणि कशासाठी?’ असे आपण आधी विचारावे.

‘कोठे?’ हेही विचारावे. मातांना द्यावयाच्या स्टेरॉइडची गोष्ट पुढे आपल्या नागपूर व बेळगावपर्यंत आली. सुसज्ज रुग्णालयांत सिद्ध झालेले हे औषध खेड्यापाड्यांत, प्राथमिक केंद्रांत, दिले तर आणखी मुले वाचतील अशा अपेक्षेने सहा देशांत एक प्रचंड चाचणी झाली; तीत हे दोन्ही भाग होते आणि सुमारे अठ्ठ्याण्णव हजार जन्मांची नोंद होती. तिचा निकाल २०१४ च्या अखेरीस आला तेव्हा सर्वजण चकित झाले. लहान मुलांचे मृत्यू कमी झाले नव्हतेच. सर्व मुलांचा एकत्र विचार करता ते हजारी २४ वरून २७ वर गेले होते, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय अधिक दिसत होता. दिवस नक्की किती भरले आहेत हे ठरविण्याचे साधन हाताशी नसल्याने ज्यांना औषध मिळाले त्यांपैकी बहुतेकींची मुले मुळी फार लहान नव्हतीच. त्यांना गुण कशाचा येणार? शिवाय जन्मानंतर लागणारी शुश्रूषाही सर्वत्र नव्हती.

मग श्रीमंत देशांतील औषध गरिबांना वर्ज्य मानायचे काय? हाही प्रश्न तर्काने सोडवायचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पाकिस्तान, बांगला देश, केनिया आणि नायजेरिया येथील एकोणतीस रुग्णालयांत पुन्हा चाचणी केली. या वेळी सोनोग्राफीने दिवस पडताळून, सव्वीस ते तेहतीस आठवड्यांच्या मातांनाच, नवजात मुलांची शुश्रूषा होऊ शकेल अशाच जागी औषध दिले. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : औषध मिळालेल्यांची शंभरातील वीस मुले दगावली, न मिळालेल्यांची साडेतेवीस. गुण इतका स्पष्ट दिसला की, चाचणी वेळेपूर्वी थांबवावी लागली. पंचवीस मातांना औषध दिले की एक मूल अधिक वाचते, असा तो हिशेब आहे. इंदूरच्या सूनबाईंना मिळालेल्या इंजेक्शनांमागे एवढा इतिहास उभा आहे. आणि त्यातून गर्भवतींनी घ्यावयाची गोष्ट अशी की, पहिल्या तिमाहीतच सोनोग्राफी करून प्रसूतीची तारीख नक्की करून घ्यावी आणि तो कागद जपून ठेवावा. आठव्या महिन्यात कळा आल्यास त्या कागदावरच पुष्कळसे अवलंबून असते.

तिसरा उपाय आईच्या छातीचा. याला ना यंत्र लागते, ना औषध. १९७८ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या आणि एकेका पेटीत अनेक मुले ठेवावी लागत. म्हणून त्यांनी मुलांना आईच्या उघड्या छातीशी, कांगारूच्या पिलाप्रमाणे, बांधण्यास सुरुवात केली. अडचणीतून निघालेली ही युक्ती. बरीच वर्षे तिच्याकडे गरिबांची तडजोड म्हणून पाहिले गेले, आणि मूल स्थिर झाल्यावरच आईकडे द्यावे, तोपर्यंत यंत्राकडे, असा नियम राहिला. यंत्र हे आईपेक्षा अधिक विश्वासार्ह, हे कोणी सिद्ध केले होते? कोणीच नाही. ते गृहीत होते.

या गृहीताची परीक्षा घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झाली. आपल्याकडील रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग. एक किलो ते सुमारे एक किलो आठशे ग्रॅम वजनाची ३,२११ मुले तीत होती. एका गटातील मुले जन्मताच आईच्या छातीशी दिली. त्यासाठी आईची खाट नवजात अतिदक्षता विभागातच आणली. दुसऱ्या गटातील मुले नेहमीप्रमाणे स्थिर होईपर्यंत आईपासून दूर राहिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार आईजवळच्या गटात शंभरातील बारा मुले दगावली, दुसऱ्या गटात जवळजवळ सोळा. ही चाचणीही, पुढे चालू ठेवणे अन्यायाचे होईल म्हणून, मध्येच थांबविण्यात आली. आमच्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. त्यांना पुष्कळ ठाऊक होते, पण त्याच घरांतून बाळंतिणीला सोयरात अंधाऱ्या खोलीत ठेवून मुलाला पहिले दूध पाजू न देण्याचीही चाल होती. जुने ते सोने की नवे ते सोने, हा वाद येथे निरुपयोगी आहे. कसोटीचा दगड दोघांना एकच.

महाराष्ट्राला या इतिहासात एक मानाचे पान आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात मुलांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले : मूल उबदार ठेवणे, श्वास सुरू करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. ३९ गावांत ही व्यवस्था होती आणि ४७ गावांत ती नव्हती. दोन्हींकडील जन्ममृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणे त्या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आले, आणि शेजारच्या गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. या गावांची निवड चिठ्ठीने झालेली नव्हती, हे काटेकोर समालोचक सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण पुढे इतर देशांतील चाचण्यांतही घरगुती शुश्रूषेचा गुण दिसून आला. ‘आशा’ कार्यकर्ती बाळंतपणानंतर घरी येऊन मुलाचे वजन करते, अंगाला हात लावून ऊब पाहते, त्या २०११ पासूनच्या राष्ट्रीय योजनेचे मूळ गडचिरोलीच्या त्या वह्यांत आहे. ती दारात आली असता ‘घरचे सारे ठीक आहे’ म्हणून तिला परत पाठवू नये.

शेवटी एक व्यवहाराची बाब. आपले मूल किंवा आपला आजारी माणूस रुग्णालयात असताना एखाद्या चाचणीत सहभागी होण्याविषयी डॉक्टर विचारतील, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी संमतिपत्र आपल्या भाषेत मागण्याचा, त्याची प्रत घेण्याचा, नको असल्यास नाही म्हणण्याचा आणि होकार दिल्यानंतरही माघार घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. नकार दिल्याने नेहमीच्या उपचारांत उणेपणा येता कामा नये. औषधांच्या अशा चाचण्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदविणे २००९ पासून आवश्यक आहे, आणि ती नोंदवही कोणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. ज्या डॉक्टरापाशी सरळ उत्तर आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

कांगारू पद्धतीने मूल कसे धरावे, कोणते वस्त्र वापरावे, वडिलांनी व आजीने आळीपाळीने ते कसे करावे, याविषयी अनेक भगिनींनी विचारले आहे. ती माहिती पुढील अंकात आकृत्यांसह देण्याचे योजिले आहे.